कूस बदलली की खोली फिरते. मानेचं दुखणं की कानाचं?

शिडीवाला

जरा लांबण लागणार आहे, आधीच माफी.

वय ५६. ग्रंथालयात नोकरी. अर्धा दिवस शिडीवर आणि अर्धा दिवस खालच्या फळीपुढे उकिडवा, असं काम. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे झोपेतच उजव्या कुशीवर वळलो आणि पलंग उलटला. 'उलटल्यासारखा वाटला' हे आता म्हणता येतं, त्या क्षणी तो उलटलाच होता. मी दोन्ही हातांनी गादी गच्च धरली. समोरचं कपाट खालून वर पळत होतं, पुन्हा खालून वर, पुन्हा. घाबरून उठून बसलो तर तेच सगळं उलट दिशेने. मग एकदम शांत. सगळं मिळून मिनिटभरही झालं नसेल, पण बनियन घामाने चिंब.

त्या दिवसापासून नियम ठरून गेलाय. पाठीवर आडवा झालो की गरगर. उजवीकडे वळलो की गरगर. वरच्या फळीवरचं पुस्तक बघायला मान वर केली की गरगर. बुटाची नाडी बांधायला वाकलो तर थोडी कमी. डाव्या कुशीवर काहीही नाही, आणि सरळ बसलेला असताना मी ठणठणीत. ऐकू नीट येतं, कानात आवाज नाही, डोकं दुखत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, मानेचा एक्स-रे काढला, 'मणक्यांत झीज आहे' म्हणाले आणि पट्टा व गोळ्या दिल्या. छप्पन्नाव्या वर्षी मानेत झीज नाही सापडणार तर काय सापडणार? पण आपण पडलो रुग्ण, बांधला पट्टा. गोळ्यांनी गरगर तशीच राहिली, वर दिवसभर पेंग. परवा एकाच वाचकाच्या नावावर एकच पुस्तक दोनदा नोंदवलं.

सध्या तीन उशांवर अर्धवट बसून झोपतो. उजवी कूस बंद, शिडी बंद. डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखा चालतो. वरच्या फळीवरचं पुस्तक मागायला कोणी आलं की 'बाहेर गेलंय' म्हणून खोटं सांगतो, तेवढं मात्र मनाला लागतं.

एक सहकारी म्हणाली, तुमच्या कानातले खडे सरकलेत. तिने व्हिडिओही पाठवला. त्यात एक बाई पलंगाच्या कडेवरून डोकं खाली सोडते. नुसतं बघूनच मला उमासे आले. कानात खडे असतात का? आणि असलेच, तर डोकं लोंबतं सोडून ते जागेवर कसे जातील?

गारवारा

अशक्तपणा असणार. मलाही उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, मग उठायचं. पाणी भरपूर. हिमोग्लोबिन आणि बी १२ तपासून घ्या. कानातले खडे वगैरे हल्लीचं फॅड वाटतं.

तोलमोल

गारवारा, तुमची चक्कर वेगळी आणि शिडीवाल्यांची वेगळी. निम्मा घोटाळा या शब्दानेच होतो. डोळ्यांपुढे अंधारी येऊन 'आता पडणार' वाटलं तरी आपण चक्कर म्हणतो, चालताना पाय ठरत नाहीत तीही चक्कर, आणि आपण जागच्या जागी असताना भिंती फिरतात तीही चक्करच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तोलाच्या तक्रारी असलेलेच लोक बघते. आल्या माणसाला माझं पहिलं सांगणं असतं: 'चक्कर' हा शब्द न वापरता सांगा, काय होतं. मग माणूस हातवारे करतो. हात गोल फिरला की मी कानाकडे बघायला लागते.

दुसरा प्रश्न, तेव्हा तुम्ही काय करत होतात? उठून उभं राहताना अंधारी येते तेव्हा बहुतेक वेळा रक्तदाब क्षणभर उतरलेला असतो, आणि तुमचा कडेला बसण्याचा सल्ला तिथे अगदी योग्य आहे. पण अंथरुणात कूस बदलताना माणूस आडवाच असतो, रक्तदाब उतरायचं काही कारण नाही. कूस बदलताना खोली फिरली आणि मिनिटाच्या आत थांबली, तर संशय आतल्या कानावरच जातो.

शिडीवाले, खड्यांबद्दल. तो शब्द सोयीचा आहे, पण मूतखड्यासारखं काही नवीन तयार झालेलं नाही. आतल्या कानात ऐकण्याच्या शंखाला लागूनच तोलाचं यंत्र असतं. त्यातल्या एका पिशवीत चिकट पापुद्र्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात, साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. ते असायलाच हवेत. त्यांच्या वजनामुळे डोकं किती कललं ते आपल्याला कळतं. शेजारी तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यांत द्रव असतो. डोकं फिरलं की द्रव किंचित मागे रेंगाळतो, नळीतला पडदा वाकतो आणि मेंदूला निरोप जातो, 'फिरतोय'. या नळ्यांत स्फटिकांचं काही काम नाही. पण पापुद्र्यावरून काही सुटतात आणि नळीत शिरतात. मग तुम्ही आडवे झालात की ते नळीत घरंगळत खाली जातात आणि द्रवाला सोबत ओढतात. डोकं थांबलेलं असतं आणि कान ओरडत असतो, फिरतोय फिरतोय. कण तळाला टेकले की ओरडणं थांबतं. म्हणून सुरू व्हायला दोन-चार सेकंद लागतात आणि संपतंही लवकर. उठून बसलात की कण उलटे घरंगळतात, म्हणून तुमचं कपाट उलट पळालं.

याचं नाव बीपीपीव्ही. स्फटिक का सुटतात? वय हे मोठं कारण. डोक्याला मार, बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणं, आतल्या कानाला आधी झालेली सूज, हीही. पुष्कळदा कारण सापडतच नाही.

न बघता निदान मी करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून एवढं नक्की म्हणेन की डिक्स-हॉलपाइक ही तपासणी व्हायला हवी. तिला यंत्र लागत नाही. डोकं उजवीकडे ४५ अंश वळवून तुम्हाला झटकन मागे झोपवतात, डोकं कडेखाली थोडं लटकतं, आणि तपासणारा तुमचे डोळे बघतो. बुबुळं गोल फिरत वरच्या बाजूला झटके घेतात. कुठल्या बाजूला झोपवल्यावर आणि कसे झटके, त्यावरून कान आणि नळी दोन्ही कळतात. ज्याने तुमचे डोळे बघितले नाहीत त्याला हा आजार दिसलेलाच नाही, एक्स-रे कितीही काढा. अशा सरळ प्रकरणात एमआरआयचीही गरज नसते.

सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन या जातीच्या गोळ्या मळमळ दाबतात, दोन-चार दिवस त्याचा उपयोग असतो. स्फटिक हलवण्याची ताकद कुठल्याच गोळीत नाही. महिनोन् महिने घेतल्या तर वयस्कर माणसांत हातापायांना कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. तुमच्या कुठल्या आहेत ते डॉक्टरांना विचारून मगच थांबवा. पट्ट्याबद्दल काय बोलू? ज्या माणसाचं डोकं नीट पद्धतीने फिरवायचं आहे त्याचं डोकं बांधून ठेवलंय.

व्हिडिओ आत्ता करू नका. तो बहुधा एपली मॅन्युव्हरचा असेल, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवत स्फटिक नळीबाहेर घरंगळवण्याच्या पद्धतीचा. पद्धत उत्तम आहे, पण कान कुठला आणि नळी कुठली हे ठरल्याशिवाय ती म्हणजे कुलूप न बघता किल्ली फिरवणं. मानेचं जुनं दुखणं, डोळ्याचा पडदा सरकल्याचा इतिहास, मानेच्या रक्तवाहिनीत अडथळा, यातलं काही असेल तर तपासणीच्या आधीच सांगा. तेव्हा पद्धत बदलतात.

चौथीखेप

शिडीवालेदादा, पलंग उलटला ते वाचून हसले, रागावू नका. माझा चार वेळा उलटलाय.

पहिल्या वेळी मला वाटलं अर्धांगवायूच. नवऱ्याला उठवून कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगून ठेवलं. ईएनटी डॉक्टरांनी आडवं करून डोकं इकडेतिकडे वळवलं, पाच मिनिटांत मोकळी. तपासणीच्या वेळी आलेली गरगर घरच्यापेक्षा जोरात होती, त्यांच्या बाहीला धरून मी लोंबकळत होते. पण त्यानंतर नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले. व्हिडिओ लावला आणि घरीच. सात दिवस केलं, फरक शून्य, वर मळमळीने जीव नकोसा. शेवटी गेले तर त्यांनी विचारलं, करून दाखवा. दाखवलं. म्हणाले, तुमचा कान उजवा आणि तुम्ही डावा दुरुस्त करताय. घोळ असा की व्हिडिओतली बाई माझ्याकडे तोंड करून बसलेली, आणि मी आरशात बघून करावं तसं तिच्या जोडीने वळत होते. तिचा उजवा तो माझा डावा. दुरुस्ती करायला गेले आणि चांगला कान आठवडाभर घुसळला.

आणखी काही गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. पोट भरलेलं असताना जाऊ नका. सोबत कोणीतरी न्या, परत येताना स्वतः गाडी चालवू नका. आणि डोळे मिटायचा फार मोह होतो, मिटू नका, त्यांना तेच बघायचं असतं. घरी करायला सांगितलंच तर उशी डोक्याखाली नाही, खांद्यांखाली. प्रत्येक स्थितीत थांबायचं ते घड्याळ लावून. भेदरलेल्या माणसाचे तीस सेकंद आठात संपतात.

आता कुणी 'दोन दिवस बसून झोपा, मान हलवू नका' म्हणालं तर विचारा कशासाठी. मला पहिल्या खेपेला सांगितलं होतं, चौथ्या खेपेला त्याच डॉक्टरांनी गरज नाही म्हणून सांगितलं.

तोलमोल

बरोबर आहे, तशी बंधनं पूर्वी सर्रास घालायचे. अमेरिकेतल्या ईएनटी तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तर ती घालू नका असंच म्हटलंय. आरशाचा घोळ मात्र मी आता प्रत्येकाला सांगणार.

सावधपाऊल

रंगाचा बेरंग करत नाही, पण एक बाजू राहिली. माझ्या वडिलांनाही 'चक्कर'च आली होती. फरक एवढा की ती थांबत नव्हती. पडून राहिले, डोकं हलवलं नाही, तरी चालूच. एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या आणि उभं केलं तर एका बाजूला कोसळत होते. बोलणं जड झालं होतं. 'पित्त असेल, झोपा' यात आमचे चार तास गेले. लहान मेंदूचा स्ट्रोक निघाला.

तेव्हा गरगर सतत असेल, दोन-दोन दिसत असेल, जीभ जड होत असेल, तोंड वाकडं, हातपाय लुळे, अचानक बहिरेपण, कधी नव्हे अशी डोकेदुखी किंवा आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल, तर खडे वगैरे विसरा आणि थेट मोठं रुग्णालय गाठा. शिडीवाल्यांच्या लिहिण्यात यातलं काही नाही, म्हणून निवांत लिहितोय.

शिडीवाला

सर्वांचे आभार. सावधपाऊल, वाचून दोनदा जीभ बाहेर काढून आरशात पाहिली. ठीक आहे.

काल जाऊन आलो. ईएनटी डॉक्टर पंचविशीतल्या वाटल्या, असतील मोठ्या. मी एक्स-रेचं पाकीट पुढे केलं, त्यांनी ते न उघडता टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, वर बसा. डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, डावीकडे वळवून मागे टाकलं. काही नाही. मी खुशीत. मग उजवीकडे. एक, दोन, तीन आणि छत सुटलं. बाई तोंडावर वाकून म्हणत होत्या, 'डोळे उघडे, डोळे उघडे, माझ्या नाकाकडे बघा.' त्यांचं नाक जागेवर राहीना तर बघू कुठे? 'छान आहे,' असंही म्हणाल्या. माझ्या आयुष्यात माझ्या डोळ्यांना छान म्हणणारी ही पहिली बाई, आणि ती त्यांच्या थरथरण्याला म्हणाली.

छत थांबलं तरी सोडलं नाही, तसंच धरून ठेवलं. मग डोकं हळूहळू डावीकडे वळवलं, नव्वद अंश. पुन्हा थांबा. मग सगळं अंग डाव्या कुशीवर, आणि नाक जवळजवळ जमिनीकडे. या तिसऱ्या वेळी एक छोटी, वेगळीच भोवंड आली. बाई म्हणाल्या, 'चाललेत, चाललेत,' बस सुटताना म्हणावं तसं. शेवटी पाय खाली सोडून बसवलं तेव्हा कुणीतरी मागून ढकलल्यासारखा झोक गेला, त्यांनी खांदा आधीच धरून ठेवला होता. दहा मिनिटांनी पुन्हा तपासलं. उजवीकडे टाकलं, मी दात आवळून वाट बघतोय, आणि छत जागच्या जागी. त्यातली एक तडा गेलेली पट्टीसुद्धा दिसली.

पुस्तकांत राहणारा माणूस असल्यामुळे परतल्यावर शोधाशोध केली. डोकं ठरावीक बाजूला नेलं की येणाऱ्या या गरगरीचं वर्णन रॉबर्ट बारानी यांनी १९२१ साली केलं. तोलाच्या यंत्रावरच्या आधीच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. डिक्स आणि हॉलपाइक यांची तपासणी १९५२ ची. आणि जॉन एपली नावाचे अमेरिकन डॉक्टर ही डोकं फिरवण्याची युक्ती १९८० पासून सांगत होते, पण गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसतं डोकं वळवून बरं होतं यावर कोण विश्वास ठेवणार? निबंध छापून यायला १९९२ उजाडलं. म्हणजे माझ्या मानेला पट्टा बांधला गेला तेव्हा या युक्तीला छापून येऊनसुद्धा तीस वर्षं उलटून गेली होती. याचा राग अजून गेलेला नाही.

एक शंका. भिंती फिरत नाहीत, पण आज दिवसभर गालिच्यावरून चालल्यासारखं मऊ-मऊ वाटतंय. पुन्हा सुरू होणार का?

तोलमोल

ही उरलेली डगमग बहुतेकांना असते, काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे. तीन आठवडे मेंदू खोट्या निरोपांशी जुळवून घेत होता, आता निरोप बदलले. औषध म्हणजे चालणं. मान मोकळी ठेवून चाला, इकडेतिकडे बघत. घागर उतरवा.

पहिल्याच खेपेत सगळे कण निघतात असं नाही, काहींना दुसरी-तिसरी बैठक लागते. त्यासाठी आठवडाभराने पुन्हा तपासून घ्या. आणि हे परत येऊ शकतं, चौथीखेप यांचं नावच बघा. पाच वर्षांच्या आत साधारण निम्म्या लोकांना पुन्हा होतं. ड जीवनसत्त्व तपासा. २०२० साली कोरियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचं ड जीवनसत्त्व कमी होतं त्यांना ते कॅल्शियमसह वर्षभर दिलं, आणि त्या गटात पुन्हा होण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी घटलं. कमी नसेल तर उगाच घेऊ नका.

दोन्हीकुशी

घुसतोय मधेच. मला उजवीकडे वळलो तरी आणि डावीकडे वळलो तरी, दोन्हीकडे गरगरतं. डावीकडे फारच. मान वर केली तर काही नाही. मीही एपली करू का?

तोलमोल

नका करू. शिडीवाल्यांची मागची नळी होती, बहुतेकांची तीच असते. तुमचं वर्णन आडव्या नळीसारखं आहे. तिची तपासणी वेगळी: पाठीवर झोपवून डोकं एकदा या कुशीला, एकदा त्या कुशीला वळवतात, आणि बुबुळं आडवी पळतात. जमिनीकडे पळतात की छताकडे, आणि कुठल्या कुशीला जास्त जोरात, त्यावरून बाजू ठरते. इलाजही वेगळा, लाटण्यासारखं पूर्ण एक फेर लोळायचं असतं, चार टप्प्यांत. कुठल्या दिशेने लोळायचं ते मी इथून सांगू शकत नाही, डोळे बघितल्याशिवाय कोणीच सांगू नये. कधीकधी मागच्या नळीतले कण बाहेर काढताना या नळीत पडतात, तेव्हा आधी घरी काही करून बघितलं असेल तर तेही तपासणाऱ्याला सांगा.

दोन्हीकुशी

केलं होतं. आरसा पद्धतीने.

शिडीवाला

आठवड्यानंतरची नोंद. पुन्हा तपासलं, उजवीकडे किंचित होतं, आणखी एकदा केलं, आता दोन्ही बाजू स्वच्छ. ड जीवनसत्त्व कमी निघालं, सुरू केलंय. तीनपैकी दोन उशा बायकोने परत नेल्या. उजव्या कुशीवर झोपतो, पण वळायच्या आधी हात अजून आपोआप गादी धरतो. शिडीवर आज चढलो, तिसऱ्या पायरीपर्यंत, खाली सहकारी शिडी धरून उभी. वरच्या फळीवर महिनाभराची धूळ होती.